ताईच्या हायब्रिडचा दांडा

ताईला जाऊन आता चार महिने होतील. क्लबवाल्यांनी बोर्डावर तिचा फोटो लावला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. चाळीस वर्षं गोल्फच्या स्टिका दुरुस्त केल्या, सगळ्यांशी हसून वागायच्या. पहिली ओळ खरी आहे. दुसरी वाचून माझी बायको म्हणाली, "वन्सं आणि हसून? फोटो दुसऱ्याच बाईचा लावला काय यांनी?" म्हणताना रडत होती ती पण. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी त्याच मैदानावर गवत कापतो, लिहायची सवय नाही, जसं आठवेल तसं सांगतो.

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती सोळाची. बाबा तेव्हा गवत कापायचे, आता मी कापतो, मशीन तेवढी बदलली. मला ती ठोंब्या म्हणायची. माझ्या लग्नात पण सगळ्यांसमोर म्हणाली, ठोंब्या उभा काय राहिलास, खुर्च्या उचल. नवरदेवाला.

तिची खोली कपडे बदलायच्या खोलीच्या मागं. एकच खिडकी, सरावाच्या मैदानाकडं उघडणारी. एक लांब टेबल, त्याला दांडा पकडून ठेवायचा लोखंडी शिकंजा, कोपऱ्यात सांडपाण्याचा जुना पाइप उभा करून ठेवलेला आणि त्यात चाळीस-पन्नास दांडे. शाफ्ट म्हणतात त्याला, आम्ही दांडाच म्हणतो. शेल्फवर लहान बाळांच्या पावडरीचा डबा. नवीन माणूस तो डबा बघून गोंधळायचा. ती पावडर स्टिकच्या तोंडावर लावायची असते, मग बॉल मारला की नेमका कुठं लागला त्याचा गोल डाग उठतो.

लोकांना वाटतं स्टिकचं डोकं महत्त्वाचं, कारण ते चकचकीत असतं. ताई म्हणायची, डोकं काय, डोकं सगळ्यांनाच असतं, कणा कसा आहे ते बघा. दांडा किती जड, किती कडक, किती वाकतो, त्यावर सगळं. आणि सगळ्यात अवघड काम हायब्रिडचं. हायब्रिड म्हणजे मधलीच स्टिक. लांब मारायला मोठ्या डोक्याच्या असतात त्यांना लाकडी म्हणतात, जवळ मारायला लोखंडी, आणि ही दोघींच्या मध्ये. ताई तिला मधली सून म्हणायची. थोरलीचा मान नाही, धाकटीचे लाड नाहीत, आणि अडलं की पहिली हाक तिलाच. लोक काय करतात, लाकडीतला हलका दांडा हिच्यात घालतात, मग बॉल डावीकडं पळतो. नाहीतर लोखंडीतला जड घालतात, मग बॉल उठतच नाही. मधलीला मधलंच पाहिजे. पण मधलं म्हणजे किती, ते माणसागणिक वेगळं.

ते ती कसं ओळखायची ते सांगतो, कारण ते बोर्डावर नाही.

एकदा दातांचे डॉक्टर आले, साठीचे. म्हणाले, "माझ्या हायब्रिडला कडक दांडा घाला, माझ्या जावयाच्या स्टिकला आहे तसा."

ताईनं मान पण वर केली नाही. "डॉक्टर, जावयाची कवळी तुम्हाला बसेल का?"

"त्याला कवळी नाही."

"तुमच्याकडं दात दाखवतो ना? लागेल लवकरच."

डॉक्टर हसले पण हट्ट सोडला नाही. मग ताई त्यांना बाहेर घेऊन गेली. बॉल मांडले. डॉक्टर जोर लावून मारायला लागले, एक, दोन, तीन. ताई तिकडं बघत पण नव्हती, चपलेतला खडा काढत होती. सहा झाले, डॉक्टर घामाघूम. सातव्याला त्यांनी स्टिक वर नेली तशी ताई म्हणाली, "घरी भाजी कोण आणतं तुमच्या?"

"मीच आणतो," असं म्हणत डॉक्टरांनी मारला.

"बास. कळलं."

"अहो, तुम्ही तर एकच बघितला!"

"आधीचे सहा मला दाखवायला मारले. हा घरचा होता."

तिनं त्यांना नरम दांडा घालून दिला. ते चिडून गेले आणि महिन्याभरानं मोसंब्यांची पिशवी घेऊन आले.

ही सातव्या बॉलची रीत तिला म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिकवली, ज्याच्या हाताखाली ती शिकली तो. त्याचा आणखी एक नियम होता. आपला दांडा आपण निवडायचा नाही. दुसऱ्याच्या डोळ्यानं निवडायचा. कारण माणसाला स्वतःचा फटका कायम पंचविशीतलाच वाटतो. ताई म्हणायची, आपल्याच डोक्यामागचे केस आपण कापायला गेलो तर काय होईल, तसं आहे ते. म्हणून इतक्या वर्षांत तिची स्वतःची एक पण स्टिक नव्हती. मिस्त्री होता तेव्हा तिला वेळ नव्हता. बाबा आजारी, मी शाळा बुडवणारा. नंतर वेळ झाला तर मिस्त्री नव्हता.

आणि तिला एक गोष्ट पाहिजे होती. सहाव्या होलला तळं आहे. अलीकडून बॉल मारायचा, मध्ये पाणी, पलीकडं हिरवळ आणि झेंडा. ती बावीस वर्षांची असताना कुणाची तरी दुरुस्त केलेली स्टिक बघायला म्हणून सकाळी तिथं गेली आणि एक बॉल मारला. तो सरळ वर गेला, पाण्यावरून गेला आणि पलीकडं पडला. तेवढ्यात तेव्हाचे सेक्रेटरी ओरडले, कामगारांनी इथं यायचं नाही म्हणून. ती पळाली. बॉल पलीकडं कुठं थांबला ते तिनं बघितलंच नाही. आता सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा आठ वाजेपर्यंत कामगारांना खेळायची मुभा आहे. पण उसनी स्टिक घेऊन ती जायची नाही. उसनी स्टिक म्हणजे उसना चष्मा, म्हणायची. वर्षातून दोन-तीनदा तरी कपडे वाळत घालताना नाहीतर असंच मध्येच म्हणायची, "ठोंब्या, तो बॉल हिरवळीवर थांबला असेल का रे?" मी म्हणायचो, "थांबला असेल की." चाळीस वर्षांत हे बोलणं किती वेळा झालं असेल, मला तेव्हा कंटाळा यायचा. आता कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी तिला धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, औषधं घ्या, जिने चढू नका. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, "माझ्या खणात एक डोकं आहे."

मला वाटलं आता हिचंच डोकं फिरलं.

हायब्रिडचं डोकं होतं ते. क्लबातल्या एक बाई गाव सोडून जाताना तिला देऊन गेल्या होत्या, सात वर्षं मोज्यात गुंडाळून पडलं होतं. "याला दांडा घालायचाय," ताई म्हणाली. "माझ्यासाठी. सहाव्यावरून एकदा मारायचाय, आणि ह्या वेळी पलीकडं जाऊन बघायचाय. माझ्या सातव्याला तू बघ."

"मी? मला काय कळतं?"

"तुला काही कळायला नको. तू फक्त बघ आणि खरं सांग."

तिच्याकडं पारखायला तीन स्टिका केलेल्या होत्या, तिन्हींना हायब्रिडचंच डोकं, दांडे वेगळे. जड आणि कडक तो थोरला, बेताचा तो मधला, हलका आणि नरम तो धाकटा. शनिवारी दुपारी उन्हामुळं सरावाचं मैदान रिकामं होतं. मी गवताच्या मशीनवर बसलो, तिनं आधी धाकट्यानं सात मारले, मग बसली, मग मधल्यानं सात, मग बरीच बसली. थोरला उचलला तेव्हा तिचा चेहरा बदलला. तरुणपणी ती थोरल्याचीच होती, बावीसची असताना जिनं मारला ती स्टिक तशीच होती. पहिले दोन झकास गेले. मग कमी कमी व्हायला लागलं. सातव्याला मीच विचारायचं होतं काहीतरी, ठरलं होतं तसं. मी विचारलं, "आई आपल्याला हाक कशी मारायची गं?"

का विचारलं कुणास ठाऊक. ती "दोघांना एकदमच मारायची" असं म्हणाली आणि मारला. मी बघितलं. मला अगदी स्वच्छ दिसलं. हात खाली येताना मध्येच अडकल्यासारखे झाले, दांडा तिनं ओढत आणला, बॉल जमिनीलगत उजवीकडं गेला.

ती वळली. घामानं कपाळ ओलं, पण डोळे असे की लहान पोरगी निकाल विचारतेय. "कुठला?"

मी म्हणालो, "थोरला."

"खरं?"

"खरं. अगदी पहिल्यासारखी मारतेस."

आता मी काय सांगू. थोरला नाही म्हणणं म्हणजे तू थकलीस म्हणणं, असं मला वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं नाही ते मी का सांगू? ती एवढी खूश झाली की शनिवारची सबंध संध्याकाळ गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं म्हणजे प्रेशर कुकरसारखं, पण होतं.

चार-पाच दिवस लावून तिनं स्टिक केली. जड कडक दांडा, त्यावर हातात धरायची नवीन रबरी ग्रिप. सोमवारी सकाळी आम्ही सहाव्यावर गेलो. तिनं तीन बॉल मारले. तिन्ही खालून गेले, उजवीकडं गेले आणि पाण्यात गेले. अर्ध्यावर पण नाही. तिसऱ्यानंतर ती गवतावर बसली. मला वाटलं वाऱ्याला शिव्या घालेल, बॉलला घालेल. काही नाही. म्हणाली, "चल घरी."

घरी आली आणि स्टिक कपाटामागं टाकली. मंगळवारी खोलीत गेली नाही. बुधवारी गेली नाही. लोक दारावर टकटक करून परत गेले. गुरुवारी माझ्या बायकोनं मला न्हाणीघराच्या दारात गाठलं.

"अहो, वन्सं तीन दिवस घरात बसून आहेत. औषध दिलं तर म्हणतात कशाला वाया घालवता. तुमच्यात काय झालं?"

"काही नाही."

"तुम्ही काही नाही म्हणता तेव्हा कान खाजवता. काय केलंत?"

सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटतंय दांडा बरोबर होता."

"हो."

"दांडा बरोबर असून जमलं नाही, म्हणजे आपणच संपलो, असं वाटतंय त्यांना."

मी ह्या बाजूनं विचारच केला नव्हता. खरंच नव्हता केला. मला वाटलं होतं मी तिला आनंद दिला.

"मग कधी सांगणार?" बायको म्हणाली. "त्या गेल्यावर त्यांच्या फोटोला सांगणार आहात का?"

ताई पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होती. घड्या घातलेल्याच होत्या, उकलून परत घालत होती. मी दारातच उभा राहिलो.

"ताई, थोरला तुझा नव्हता."

"कोण म्हणतं?"

"मीच. सातव्याला मला दिसलं होतं. मी खोटं बोललो."

तिनं टॉवेल मांडीवर ठेवला. "का?"

"तू खूश दिसत होतीस."

"खूश दिसत होते." ती माझ्याकडं बघत राहिली. मग तोच टॉवेल माझ्या तोंडावर फेकला. नेम चांगला होता. "लहानपणी खोकल्याचं औषध मी तुला कसलं पाजायचे, गोड का कडू?"

"कडू."

"का? तू खूश दिसावास म्हणून?"

मी टॉवेल उचलून त्याची घडी घालायला लागलो.

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडावर खरं बोलले. लोक रागावून गेले. आणि माझ्याच वेळेला माझ्याच घरात..." तिला धाप लागली. मी पाणी द्यायला पुढं झालो तर हात झटकला. मग घेतलं पाणी. प्यायली, पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून बसली. मला वाटलं रडतेय. पदर काढला तर डोळे ओले होते, पण ती हसत होती.

"म्हणजे दांडा चुकला होता."

"हो."

"मी नाही."

"नाही, तू नाही."

"गाढवा, तीन दिवस वाया घालवलेस माझे. बस इथं. सातव्याला काय दिसलं ते सांग. वर नेल्यापासून."

मी बसलो आणि सांगितलं. वर नेलं तेव्हा ठीक होतं. खाली येताना कमरेपाशी हात अडकले. मारल्यावर डावा पाय मागं सरकला. तोंड उघडं होतं. पावडरीवरचा डाग बाहेरच्या टोकाला होता. ती डोळे मिटून ऐकत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

"धाकट्याच्या सातव्याला?"

"हात लवकर सुटले. हातात काही नसल्यासारखे. बॉल डावीकडं पळाला."

"मधल्याला?"

"सरळ गेला, पण उठला नाही. खांदा लावून उठवायला बघत होतीस."

तिची बोटं चादरीवर हलत होती. मग डोळे उघडले. "वजन मधल्याचं, आणि वाक धाकट्याचा."

"असा असतो?"

"पाइपमध्ये एक आहे. मागच्या बाजूला, करड्या रंगाचा. पंधरा वर्षं पडून आहे, कुणालाच बसला नाही."

दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो. ती स्टुलावर बसली, हात थरथरत होते म्हणून काम मी करायचं ठरलं. एक्कावन्न वर्षांचा झालो आणि तिनं पहिल्यांदा मला त्या टेबलाला हात लावू दिला. गरम हवेच्या बंदुकीनं जुना गोंद सैल केला. "पिळू नकोस! सरळ ओढ. कोंबडीची मान आहे का ती?" डोकं निघालं. करडा दांडा मापाला लावला, थोडा लांब होता. मी करवत घेतली आणि निमुळत्या टोकाकडून धरली. तिनं माझ्या हातावर पट्टी मारली, लाकडी, जोरात.

"टोकाकडून कापलास की कडक होतो. एवढा नरम शोधला तो कशाला? वरून काप. आणि अर्धा इंच जास्त काप."

"आखूड नाही होणार?"

"मी पण झालेय की आखूड."

ते ती अगदी सहज म्हणाली. मी कापत राहिलो, कारण वर बघायची हिंमत झाली नाही. मग पॉलिश पेपरनं टोक खरबरीत केलं, दोन नळ्यांचा गोंद कालवला, काळी रिंग सरकवली, डोकं बसवलं. ग्रिप मात्र तिनं स्वतः चढवली. तेवढं मला दिलं नाही. माझ्यावर भरवसा नाही का विचारलं तर म्हणाली, "आहे. पण हा हात माझा आहे."

सोमवारी बायको पण आली, चहाचा थर्मास घेऊन. माझ्या मशीनवर बसली आणि सीट ओली आहे म्हणून ओरडली. मैदानावर दव होतं. ऊन समोरून पाण्यावर पडत होतं आणि सगळं तळं नुसतं चमकत होतं, त्यामुळं ताईला पलीकडचं काही दिसत नव्हतं. एका डोळ्यात तसंही मोतीबिंदू सुरू झालेला. मी डोळ्यांवर हाताचा आडोसा करून बाजूला उभा राहिलो. मला दिसत होतं.

पहिला मारला. उठला! छान उठला, सरळ गेला, पण हळू.

"गेला का?"

पाणी उडालेलं मला दिसलं होतं. एक क्षण, खरंच सांगतो, एक क्षण जीभ वळली होती. गेला म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"किती राहिला?"

"पंधरा पावलं."

दुसरा. "गेला?"

"नाही. सात-आठ पावलं."

मशीनवरून बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मला गिळेल. परवा खरं सांगा म्हणून मागं लागलेली हीच.

"तिच्याकडं बघू नकोस," ताई म्हणाली. "बॉलकडं बघ."

तिसरा चुकला, तो कुठंच गेला नाही. मग ती थर्मासच्या झाकणातून दोन घोट चहा प्यायली. ओठ जरा निळे दिसत होते. बायको म्हणाली, "वन्सं, पुरे आता, पुढच्या सोमवारी मारा." ताईनं झाकण तिच्या हातात दिलं आणि चौथा मारला.

"नाही ताई. काठाला लागून आत पडला. दोन हात राहिला."

"दोन हात?" तिला एवढा आनंद झाला, कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं गेलाच पलीकडं. "अगं ऐकलंस का, दोन हात फक्त!"

मग पाचवा. सातवा असता तर गोष्टीत शोभला असता, पण पाचवाच होता, आता तिच्याबद्दल मी काहीच खोटं सांगणार नाही. तिनं जोर लावला नाही. तो दांडा वर जाऊन जरा थांबल्यासारखा झाला, तिची वाट बघितल्यासारखा, आणि मग दोघं मिळून खाली आले. आवाज पण वेगळा आला. बॉल उन्हात गेला आणि मला पण दिसेना. मग दिसला. पाण्याच्या पलीकडं, हिरवळीच्या कडेला पडला, एक उडी मारली आणि पुढं गेला.

"गेला," मी म्हणालो.

ताईनं परत विचारलं नाही. खरं का, असं पण नाही. स्टिक खांद्याला लावली आणि तळ्याच्या कडेनं चालायलाच लागली.

एरवी पाच मिनिटांची वाट आहे ती. आम्हाला अर्धा तास लागला. एका हातात स्टिक, दुसरा माझ्या खांद्यावर. तीनदा थांबलो. मी म्हणालो बॉल घेऊन येतो, तर म्हणाली खबरदार. पलीकडं पोचलो. बॉल हिरवळीवर होता. झेंड्यापासून बराच लांब, पण हिरवळीवर. ती त्याच्याभोवती एक चक्कर फिरली, वाकून बघितलं, हात लावला नाही.

"आता पुढं काय करतात?" तिनं विचारलं.

"हळूच ढकलून खड्ड्यात घालतात. त्याची स्टिक वेगळी असते."

"ती माझ्याकडं नाही."

"आणू का?"

"नको. मला एवढंच पाहिजे होतं."

मग ती वळून आम्ही जिथून मारलं तिकडं बघायला लागली. पलीकडं बायको हात हलवत होती, चहा गार होतोय म्हणून ओरडत होती. "होऊ दे गार," ताई म्हणाली. "बसू जरा."

त्यानंतर सतराव्या दिवशी ती गेली, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. त्याचं मला काही सांगायचं नाही. मला ते बसलेलं आठवतं. हिरवळीच्या कडेला आम्ही दोघं बसलो होतो, मला वाटतं पाच-सात मिनिटं. ती स्टिक मांडीवर आडवी ठेवून बोटानं दांडा चोळत होती, श्वास पण बरा चालला होता. तिला आणखी बसायचं होतं. आठ वाजत आले होते आणि मला मशीन चालू करायची होती, म्हणून मीच आधी उठलो.